जास्तीचा ताळा

नाही, आधी तारीख. माझ्याकडे काय पाहतेस, पडद्यावर पाहा — अगदी वरच्या ओळीत तारीख, मग बाकीचे. तीस मे, सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, सोमवार. आणि पुढे लिही, ग्रीष्म ऋतू. हसू नकोस, मुली. पत्र्याच्या शेडमध्ये बसून उष्णतेची यंत्रे तपासणाऱ्या माणसाने ऋतू लिहिलाच पाहिजे. पूर्वी आम्ही लिहीत नव्हतो, आता लिहितो. का, ते असू दे. मला एवढेच पाहावयाचे आहे की सांगितलेले काम तुला सांगितल्याप्रमाणे करता येते की नाही. वाल्मीक पलीकडच्या खोलीत पेटीचे पत्रे कापून घेतो आहे, तो आवाज त्याचाच. तो मला म्हणाला, मावशी, आधी तू पारख, तुझ्या पसंतीला उतरली तरच मी भेटतो. मी त्याची सख्खी मावशी, चंद्राबाई. येथे माझा हुद्दा काय, असे विचारशील तर हुद्दा कोणताही नाही. परंतु पिरंगुटच्या या शेडमधून जे यंत्र बाहेर पडते ते माझ्या नजरेखालून गेल्याखेरीज पडत नाही. मी मॅट्रिक आहे. जुनी मॅट्रिक — तुमच्या पदविका त्यापुढे कागदी पंखे वाटतात मला, रागावू नकोस.

तर ताळा. हा शब्द तुला ठाऊक असावा. नाही? काय शिकवतात मग तुम्हांला? आमच्या शाळेत भागाकार केला की गुरुजी म्हणत, ताळा दाखव — भाजकाला भागाकाराने गुण, बाकी मिळव, आला का भाज्य परत? आला तर उत्तर बरोबर, नाही आला तर पाटी पुसा. येथेही तेच. यंत्राची आज्ञावली म्हणजे तुमचा तो प्रोग्रॅम, तो एकदम यंत्रात भरावयाचा नाही. त्याचा एकेक तुकडा सुटा काढायचा, त्याला खोटे तापमान, खोटे वजन द्यायचे, आणि तो काय उत्तर देतो ते पाहायचे. आता प्रत्येक ठिकाणी 'हे त्याच्याएवढे आहे का, नसेल तर अमुक छाप, असेल तर तमुक छाप' असे दळण कशासाठी दळायचे? म्हणून या चार-चार ओळींच्या मदतनीस आज्ञा एकदाच लिहून ठेवल्या आहेत. ही 'सारखे' — हिला दोन गोष्टी द्यायच्या, जे यायला हवे ते आधी आणि जे आले ते नंतर. सारखे असतील तर ती पडद्यावर एक ठिपका देते, नसतील तर फुली, आणि फुलीपुढे दोन्ही आकडे. ही 'खरे' — तिला एकच गोष्ट, खरी की खोटी. बस्स. नावे रोमन अक्षरांत असली तरी मराठीच आहेत, आणि ती तशीच राहतील. सगळा पडदा ठिपक्यांनी भरला की समजायचे, काम निर्दोष. रांगोळीचे ठिपके काढून ठेवल्यासारखे दिसते, पाहिलेस की मन प्रसन्न होते — निदान पूर्वी होत असे.

काय? हो, तिसरीही आहे. 'पुरेसे'. तिच्याकडे नंतर येऊ.

परवीन? ते नाव तुला कोणी — हां. वर लिहिले आहे, 'लेखिका परवीन'. मीच घालावयास लावले. प्रत्येक लिखाणावर लिहिणाऱ्याचे नाव हवे, हा माझा दंडक. बेवारशी लिखाण मला खपत नाही. ती आता येथे नसते. पौडची मुलगी, फकरुद्दीन तांबोळींची. त्यांचे सायकलींचे दुकान आहे बाजारात. हुशार होती का म्हणजे? या ओळी वाचल्यास ना? अठरा वेळा वाच, एक अक्षर जास्तीचे सापडणार नाही तुला. बीजगणित माझ्याकडेच शिकली. पदविकेला पाठवायला बाप तयार नव्हता, तर मी स्वतः दुकानात गेले — पंक्चरच्या घमेल्यातले गढूळ पाणी चुकवत उभी राहिले, आणि म्हणाले, फकरुद्दीन, पोरीला पाठवा, तिची जबाबदारी माझी. तो हात पुसत म्हणाला, "बाई, तुमी म्हनताय म्हंजी झालं. आमाला काय कळतंय त्यातलं?" असो. तू तुझे लिही. खोटे तापमान नव्वद अंश द्यायचे, तापक, म्हणजे तुमचा हीटर, चालू व्हायला हवा, त्याला 'खरे' लाव. छान. ठिपका आला. पुढे.

नाही, 'पुरेसे' वापरायला मी कोठे सांगितले? उघडलीस का ती? बरे, उघडली तर उघडली. मग वाच. काय खटकते त्यात? — हो. बरोबर आहे तुझे. कमी आले तरच फुली देते. जास्त आले तर कितीही आले तरी ठिपका. वरची मर्यादा नाही. विसर नव्हे तो, मुली, विचारपूर्वक केलेले आहे. वाल्मीकने आधी चहाची पाकिटे भरणारे यंत्र केले होते, त्या वेळची गोष्ट. पाकिटात किंचित जास्त पडले की 'सारखे' लगेच फुली मारी. मी म्हणाले, ही कसली रीत? माप कमी भरले तर ती लबाडी. जास्त भरले तर त्याला दोष कसा द्यायचा? आमच्या घरी धान्य मोजून द्यायचे तर शीग लावून, वर आणखी एक मूठ. पाहुण्याच्या पानात कमी पडलेले घराला लाजिरवाणे, उरलेले नव्हे. परवीनला पटले. तिने दोन मिनिटांत लिहिली. वाल्मीक कुरकुरला, मावशी, तुझ्या मुठीमुठीने माझा चहा संपेल — पण हसून कुरकुरला. त्या यंत्राला ती शोभत होती. त्या यंत्राला.

कोणत्या यंत्राला शोभत नव्हती, असे तू विचारलेले नाहीस. मीच बोलून गेले.

पाणी हवे का? त्या माठात आहे. मला नको.

अंडी उबवण्याची पेटी. आता भिंतीपाशी उताणी पडली आहे ना, ती. पौडचा कुशाबा, कोंबड्यांचा धंदा करतो, त्याने सांगून करवून घेतली. वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनी घरची अंडी आणून द्यायची, पेटीत उबवायची, पिल्ले निम्मी त्यांची, निम्मी कुशाबाची. फॅरनहाइटच्या साडेनव्व्याण्णव अंशांवर पेटी राहिली पाहिजे. परवीनने ताळ्याला 'सारखे' लावली होती, तर पडदाभर फुल्या — कोठे पाव अंश वर, कोठे अर्धा. ती म्हणाली, दोन्ही बाजूंना थोडी थोडी सूट ठेवणारी नवी आज्ञा लिहिते, उद्यापर्यंत होईल. पण कुशाबा त्याच सकाळी पाहायला यायचा होता. फुल्यांनी भरलेला पडदा गिऱ्हाइकापुढे ठेवायचा? मला ते शाई सांडलेल्या वहीसारखे वाटले. मी म्हणाले, नवी कशाला, 'पुरेसे' आहे ना आपल्याकडे? ती म्हणाली, "बाई, हितं जास्त झालं तर?" आणि मी — मी काय उत्तर द्यावे? मी म्हणाले, "'हितं' नव्हे, 'येथे' म्हणावे." आणि मग म्हणाले, जास्त झाल्याने आजवर कुणाचे बिघडले आहे? तिने मान खाली घातली आणि 'सारखे' खोडून 'पुरेसे' घातली. फुल्या गेल्या. कुशाबाने ठिपके पाहिले आणि म्हणाला, "बाई, ठिपकं तर झ्याक काढल्यात, रेघा कवा जोडायच्या?" आम्ही सगळे हसलो. परवीन हसली नाही. पण तिला हसू उशिरा येते, असे मी मनाशी म्हटले.

फाल्गुन सरत आला होता. त्या वर्षी ऊन लवकर पेटले. कुशाबाच्या शेडचे पत्रे दुपारी असे तापत की हात लावता येत नसे. बाहेरची उष्णता वाढली की आतला तापक आधीच बंद व्हायला हवा होता. तेथे परवीनच्या आज्ञावलीत एक चूक राहिली होती, बंद उशिरा होई. चूक होते, मुली. प्रत्येकाची होते, म्हणूनच ताळा असतो! ती चूक सापडावी म्हणून तिने एक ताळा मुद्दाम लिहिलाही होता — तिने त्याचे नाव 'खोटी दुपार' ठेवले होते. पाहा, अजून आहे त्या फाइलीत. बाहेर कडक ऊन आहे असे यंत्राला भासवायचे, आणि पेटी कितीवर थांबते ते पाहायचे. यायला हवे साडेनव्व्याण्णव. आले एकशे सहा. आणि आमची 'पुरेसे' म्हणाली, भरपूर आहे, ठिपका. कुशाबाच्या पत्र्यांखालची खरी दुपार तर या खोटीच्या कितीतरी वर गेली, तापक तासन्‌तास बंद होईना.

कुणाच्या लक्षात आले नाही.

मग एके दिवशी वरच्या वाडीची पारू आली. मी तेथे, दाराजवळच्या खुर्चीवर होते. तिच्याबरोबर आणखी दोघी, बाहेरच उभ्या. पारूने पदरातून एक अंडे काढले, या टेबलावर आपटले, आणि सोलून माझ्यापुढे ठेवले. घट्ट होते. "पिल्लं व्हतील म्हनला व्हता तुमी," ती म्हणाली. "ही बगा तुमची पिल्लं. मीठ हाय का? का आमीच आनायचं?" बाहेरच्या दोघी हसल्या, मग रडल्या. सगळ्या वस्तीची अंडी होती ती. प्रत्येकीने आपली खुडूक कोंबडी उठवून अंडी दिली होती. आता पिल्लू म्हटले तर नाही, अंडे म्हटले तर तेही नाही. पारू जाताना म्हणाली, "बाई, आमी गरिबानं न्याहारी लई म्हागात केली."

वाल्मीक धावत आला. ही फाइल त्याने उघडली. 'खोटी दुपार' पाहिली, 'पुरेसे' पाहिली. वर नाव पाहिले. म्हणाला, परवीन, हे तू लिहिलंस? — आता नीट ऐक. मी तिच्या शेजारी बसले होते, जेथे आता तू बसली आहेस त्याच्या उजव्या हाताला. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. एकदाच. मग म्हणाली, "व्हय साहेब, मीच." आणि मी चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता. स्वच्छ चष्मा मी पुसत राहिले, इतका वेळ की माझे मलाच — वाल्मीक म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. तिने खण आवरला, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वादही दिला. काय म्हणाले असेन? नेहमीचेच म्हणाले. यशस्वी हो.

तुला वाटते, मी भित्री आहे. नाही, तसे नाही म्हणत तू, पण तोंडावर दिसते. मी मनाशी असे म्हटले की आज्ञावलीतली चूक तरी तिचीच होती. मी म्हटले, वाल्मीकचा राग ओसरला की सांगेन. मी म्हटले, तिला दुसरीकडे याहून चांगले मिळेल. मिळाले — पुढच्या कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावते. पौडच्या बाजारात लोक तिला हाका मारतात, "परवीन, आज किती उकडली?" तिच्या बापाच्या दुकानात टायर भरायला आलेली पोरेसुद्धा. आणि फकरुद्दीनने मला एक शब्द विचारला नाही. ज्याला मी जबाबदारीचा शब्द दिला होता, त्याने. उलट ईदेच्या दिवशी तिच्या आईने, बिस्मिल्लाने, दरवर्षीप्रमाणे शीरखुर्म्याचे भांडे पाठवले. काठोकाठ, वर बदाम. जास्तच होते. मला संपेना.

हे सगळे मी तुला का सांगते आहे? तुझा प्रश्न साधा होता, वरची मर्यादा का नाही, इतकाच.

गेल्या आठवड्यात पौडला निघाले होते, गाडीत गर्दी. कुणी जागा देईना. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, हितं बसा." परवीन. उठून उभी राहिली होती, हाताला चिकटपट्टीचे डाग. मग लगेच म्हणाली, "येथे. येथे बसा, बाई." तिने स्वतःहून सुधारले, समजलीस? टोमणा नव्हता तो, तो स्वभावच नाही तिचा. आणि मी बसले. बसले मी! पिरंगुटपासून पौडपर्यंत ती दांडीला धरून उभी, आणि मी तिच्या जागेवर, ताठ. विचारले काय, तर आई बरी आहे का. ती म्हणाली, बरी आहे, तुमची आठवण काढते.

काय म्हणतेस? फुलीपुढचे आकडे पूर्वी कुणी वाचलेच नव्हते का, 'सारखे' होती तेव्हा? — फार हुशार आहेस. वाल्मीकने हे विचारले नाही. कुशाबाने नाही. मी मघाशी तुला काय सांगितले, कुणाच्या लक्षात आले नाही. मी वाचला होता तो आकडा. फुल्यांच्या त्या गर्दीत एकशे सहा स्पष्ट लिहिले होते, आणि माझी नजर अजून उत्तम आहे. परवीन पंप पाहायला बाहेर गेली होती. मी एकटीने वाचला. वाटले, जास्तच आहे ना. ती परत आली तेव्हा मी ते सांगितले नाही, 'पुरेसे' लाव एवढेच सांगितले. आता झाले समाधान?

बस. उठू नकोस. ती 'पुरेसे' उघड. खाली एक ओळ घाल — जास्तीलाही मर्यादा. अमुक इतके अंश वर गेले की फुली. तुला येते ते लिहायला, विचारू नकोस मला. आणि वरचे नाव बदल. परवीन खोड. तेथे लिही, चंद्राबाई. मराठीत लिहिता येत नसेल तर रोमनमध्ये लिही, पण पूर्ण लिही. आता चालव. सगळे ताळे, पहिल्यापासून.

ठिपका, ठिपका... खोलीत किती उकडते आहे नाही. ठिपका. थांब. थांब, थांब — ती फुली. वाच. मोठ्याने वाच, माझा चष्मा नको मध्ये. यायला हवे साडेनव्व्याण्णव, आले एकशे सहा. पुसू नकोस! तसेच राहू दे.

वाल्मीक! ते पत्रे ठेव खाली. ये इकडे. हे पाहा. नाही, या मुलीने बिघडवलेले नाही. परवीननेही नाही. ती दोन्हीकडे सूट ठेवणार होती, मी ठेवू दिली नाही. आणि एकशे सहा मी आधी वाचला होता. उभा काय राहिलास, मावशी आजारी आहे असे तोंड करू नकोस. मला ऐकू येते आहे तू काय म्हणतोस ते. हो, तुझ्यासमोर बसून. हो, चष्मा पुसत. चिठ्ठी? चिठ्ठी कसली पाठवतोस? तिची अब्रू बाजारात गेली, तर परत बाजारातच यायला हवी. तू स्कूटरवर पुढे जा, कुशाबाला घे, आणि पारूला आणवून घे — फकरुद्दीनच्या दुकानासमोर. तेथे मी बोलेन. पेटीची चूक दुरुस्त करायला ती आली तर तिची कृपा, नाही आली तर तेही तिचेच. पण 'अंडी कुणी उकडली' याचे उत्तर आज संध्याकाळी पौडच्या सगळ्या पोरांना पाठ झाले पाहिजे.

बरे. बरे म्हणालास ना? ऐकले मी.

आणि मुली, तू जा आता. जागा रिकामी नाही. रिकामी आहे असे तुला कळवले, तीही आमचीच चूक. काम चांगले करतेस. पुण्याची गाडी रस्त्यापलीकडे, चिंचेखाली थांबते. पडदा बंद करू नकोस, आणि वरची तारीखही तशीच राहू दे — तीस मे, सोमवार. प्रकरण आज मिटले, तेव्हा तारीख आजचीच हवी.

नको, मला गाडीपर्यंत पोहोचवायला येऊ नकोस. जागाही धरू नकोस माझ्यासाठी. आज मी उभी जाणार आहे.